शब्दाला जागणारी माणसे

पाहुणा आपल्या घरून निघताना काय म्हणतो? 'येतो' असे म्हणतो. वस्तुतः तो जात असतो, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. पण निरोपाच्या वेळी 'जातो' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, असा आपला संकेत आहे. आपण त्याला दारापर्यंत पोचवायला जातो आणि म्हणतो, 'एकदा जेवायलाच या सगळे.' तोही म्हणतो, 'येऊ की, नक्की येऊ.' या आमंत्रणाला वार नसतो आणि वेळही नसते. उद्या संध्याकाळी हे गृहस्थ मुलाबाळांसह खरोखरच पाटावर येऊन बसले, तर आपली केवढी तारांबळ उडेल! नारळ फोडण्याला आपण 'वाढवणे' म्हणतो. चहाची तलफ आलेली असली तरी पहिल्या खेपेला 'नको, आत्ताच झाला' असे म्हणतो आणि दुसऱ्यांदा आग्रह झाला की 'बरं, अर्धा कप द्या' म्हणतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. बोललेल्या शब्दांचा अर्थ एक आणि मनातला अर्थ दुसरा, हे दोन्ही पक्षांना पक्के माहीत असते. हे आपल्याला कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. चालायला शिकलो तसे आपण हे शिकलो. कधी शिकलो, ते आठवतही नाही.

आता अशी कल्पना करा, की एखाद्या माणसाच्या हे अंगवळणीच पडत नाही. तो बुद्धीने कमी नाही, स्वभावाने वाईट नाही, आईबापांनी वळण लावायचे राहिले असेही नाही. पण 'पाच मिनिटांत आलोच' असे कोणी म्हणाले, की तो घड्याळाकडे पाहतो आणि सहाव्या मिनिटाला बेचैन होतो. 'काय, बरं आहे ना?' असे रस्त्यात कोणी विचारले, की तो थांबून, गेले चार दिवस पोट कसे दुखत होते ते सविस्तर सांगू लागतो. विचारणारा तोवर पुढे गेलेला असतो. अशी माणसे आपल्या आजूबाजूला आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक माणूस असा होता. आपल्या वाड्यात किंवा सोसायटीत, आपल्या कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, असा कोणीतरी आपल्याला भेटलेला आहेच. आपण त्याला बहुधा 'विक्षिप्त', 'घुमा' किंवा 'आगाऊ' म्हणून मोकळे झालेलो असतो.

इंग्रजीत या अवस्थेला 'ऑटिझम' म्हणतात. मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. मी भाषेचा अध्यापक असल्यामुळे शब्दापाशी क्षणभर थांबतो. 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः', या ग्रीक शब्दावरून स्विस मनोरोगतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 'ऑटिझम' हा शब्द १९११ च्या सुमारास रुळवला, आणि तोही निराळ्याच एका मानसिक आजाराच्या वर्णनासाठी. पुढे १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे बारकाईने वर्णन केले आणि हा शब्द त्यांना लावला. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अस्पर्गर यांनी तशाच काही मुलांबद्दल लिहिले. या दोघांच्याही आधी, १९२५ च्या सुमारास, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या विदुषीने अशा मुलांचे सूक्ष्म निरीक्षण करून ठेवले होते. पण तिच्याकडे जगाचे लक्ष फार उशिरा गेले.

तर, 'स्वमग्न'. हे नाव बाहेरून पाहणाऱ्याने ठेवलेले आहे. मूल हाकेला ओ देत नाही, डोळ्याला डोळा भिडवत नाही, तासन् तास एकच चाक फिरवत बसते. म्हणून पाहणाऱ्याला वाटले, हे स्वतःतच बुडालेले आहे. पण ज्यांना पुढे आपल्या मनातले बोलता-लिहिता आले, त्यांपैकी कितीतरी जण याच्या उलट सांगतात. जग आम्हाला कमी जाणवते असे नव्हे, तर फार जाणवते, असे त्यांचे म्हणणे आहे. ट्यूबलाइटची गुणगुण, पंख्याची खडखड, शेजारच्या घरातला मिक्सर, सदऱ्याच्या मानेला टोचणारी चिठ्ठी, आणि त्यात समोरच्या माणसाचे बोलणे: हे सारे एकाच वेळी, एकाच जोराने अंगावर येते. आपले मन यातले नको ते आपोआप गाळून टाकते. त्यांच्या मनाची गाळणी निराळ्या घडणीची आहे. मग पुष्कळांना डोळे मिटून किंवा नजर दुसरीकडे वळवूनच समोरच्याचे बोलणे नीट ऐकता येते. आपण मात्र दरडावतो, 'माझ्याकडे बघ! लक्ष कुठे आहे तुझं?' लक्ष देण्यासाठीच त्याने नजर फिरवलेली असते!

या अवस्थेच्या कारणांविषयी जगाने एकेकाळी फार मोठा अन्याय केला, तोही सांगितला पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यावर असे मत बोकाळले होते, की आईच्या मायेत ऊब नसली म्हणजे मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या एका पुस्तकाने हे मत घराघरांत पोचवले. त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जे स्वतः अशा एका मुलाचे वडील होते, हे मत निराधार असल्याचे साधार दाखवले होते. १९७७ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला आणि नंतरच्या संशोधनाने त्याला भक्कम दुजोरा दिला. १९९८ साली लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा एक लेख इंग्लंडातल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यातल्या लबाड्या उघडकीस आल्यावर २०१० साली त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. तेव्हा आईची माया, लस, ग्रहदशा, पूर्वजन्मीचे पाप, यांपैकी कशाचाही येथे संबंध नाही. तरीही आपल्याकडे आजही चारचौघींत आईलाच ऐकावे लागते, 'लाडाने बिघडवलात हो मुलाला!' ज्या बाईने पाच वर्षे रात्रीची झोप पाहिलेली नाही, तिला हे ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे.

दुसरी गोष्ट अशी, की ही सारी माणसे एका छापाची नाहीत. लंडनमधल्या लोर्ना विंग या डॉक्टर बाईंनी आपल्या सहकारी जुडिथ गूल्ड यांच्यासह १९७९ साली पाहणी प्रसिद्ध केली आणि ही अवस्था केवढी व्यापक, नाना रूपांची आहे ते दाखवले. १९८१ साली त्यांनी अस्पर्गर यांचे विस्मृतीत गेलेले काम पुन्हा पुढे आणले. २०१३ पासून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या सर्व प्रकारांना एकच नाव आहे. त्यात जन्मभर एकही शब्द न बोलणारी, अंघोळीपासून जेवणापर्यंत दुसऱ्याच्या हाताची गरज असणारी माणसे आहेत. आणि कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात पशुविज्ञान शिकवणाऱ्या टेंपल ग्रँडिन यांच्यासारख्या प्राध्यापिकाही आहेत. मुलींच्या बाबतीत तर ही गोष्ट पुष्कळदा ओळखूच येत नाही, कारण मुलीने गप्प राहणे आपल्याला खटकतच नाही. 'किती शांत, गुणी पोर!' म्हणून आपण कौतुकच करतो. एक माणूस ओळखला म्हणजे एकच माणूस ओळखला, एवढे ध्यानात ठेवावे. आज मी मुख्यतः बोलत्या, शिकत्या, नोकरी-धंद्यात पडू पाहणाऱ्या माणसांविषयी बोलणार आहे. कारण त्यांची अडचण डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तिला सहानुभूतीही मिळत नाही.

ती अडचण समजून घ्यायला आपले जुने साहित्यशास्त्र फार उपयोगी पडते, असे मला वाटते. शब्दाच्या तीन शक्ती आपल्या पंडितांनी सांगितल्या आहेत. कोशातला सरळ अर्थ देते ती अभिधा. तो अर्थ जुळेनासा झाला म्हणजे त्याला लागून असलेला दुसरा अर्थ आपण घेतो, ती लक्षणा. 'सारा गाव जत्रेला लोटला' असे म्हटल्यावर गावातली घरे आणि विहिरी उठून चालू लागल्या असे कोणी समजत नाही. आणि शब्दांत कोठेही नसलेला अर्थ जी सुचवते, ती व्यंजना. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त 'सूर्य मावळला' एवढ्या एका वाक्याचे उदाहरण घेऊन दाखवले आहे, की हेच शब्द ऐकून कोणाला गुरे घरी न्यायची आठवण होते, कोणाला विक्रीचा माल आवरावासा वाटतो, तर कोणाला संध्येची वेळ झाली असे वाटते. काव्यात या व्यंजनेचा केवढा मान! पण आपण ती काव्यापुरती ठेवलेली नाही. 'खिडकी उघडी आहे वाटतं' म्हणजे खिडकी लावा. 'किती वाजले हो?' असे यजमानाने विचारले म्हणजे आता उठा. 'बघू, कळवतो' म्हणजे नाही. सकाळी दूधवाल्याशी बोलण्यापासून रात्री फोन ठेवेपर्यंत आपण व्यंजनेतच बोलत असतो. स्वमग्न म्हणवल्या जाणाऱ्या पुष्कळ माणसांचे मूळ गाव मात्र अभिधा हे आहे. इतरांच्या गावची बोली ती मेहनतीने शिकतात, व्याकरण पाठ करावे तशी शिकतात. पण समोरचा भराभर बोलू लागला, आजूबाजूला गोंगाट असला, की त्यांचा गोंधळ उडतो.

माझ्या एका विद्यार्थ्याची हकीकत त्याच्या परवानगीने सांगतो. पदवी चांगल्या गुणांनी मिळवली. आकड्यांच्या रकान्यात एखादी चूक असली, तर ती त्याला खड्यासारखी दिसते. (अशी देणगी ऑटिस्टिक माणसांपैकी प्रत्येकाला असते, हा चित्रपटांनी पसरवलेला समज आहे, याला होती, एवढेच.) हिशेब तपासण्याच्या एका जागेसाठी तो मुलाखतीला गेला. समितीतल्या गृहस्थांनी विचारले, 'स्वतःबद्दल काही सांगाल का?' तो म्हणाला, 'हो, सांगेन.' आणि थांबला. समितीही थांबली. त्याच्या मते त्याने प्रश्नाचे उत्तर दिले होते; पुढचा प्रश्न त्यांनी विचारायचा होता. समितीला वाटले, मुलगा उद्धट आहे. मग विचारले, 'तुमच्यातला मोठा दोष कोणता?' या प्रश्नाला दोषाच्या वेषात एखादा गुण सांगायचा असतो, हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे; 'मी फार काम करतो', 'मला थोडीही चूक चालत नाही', असे काहीतरी. याने प्रामाणिकपणे तीन दोष मोजून सांगितले. फोनवर नीट बोलता येत नाही, गोंगाटात काम होत नाही, आणि थट्टा उशिरा कळते. निघताना समितीने म्हटले, 'कळवतो.' पुढे तीन आठवडे हा रोज ठरल्या वेळी पोस्टमनची वाट पाहत राहिला.

त्या जागेला फोनवर बोलावे लागत नव्हते, थट्टाही करावी लागत नव्हती. आकडे तपासायचे होते. ते काम त्याला येते का, हे मात्र त्या वीस मिनिटांत कोणीही पाहिले नाही. मला तो एकदा म्हणाला, 'सर, लोक प्रश्न विचारतात, पण त्यांना त्याचं उत्तर नको असतं. मग विचारतात कशाला?' मी भाषा शिकवण्यात वीस वर्षे घालवली आहेत. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

यावर कोणी म्हणेल, 'मग त्याने शिकावे की चारचौघांसारखे वागायला!' तो शिकतो. तीच तर व्यथा आहे. पुष्कळ जण इतरांचे पाहून हसायची वेळ, मान हलवायची वेळ, डोळ्यांऐवजी दोन भुवयांच्या मध्ये पाहायची युक्ती, सारे घोटून घोटून आत्मसात करतात. अभ्यासक याला सोंग वठवणे, मुखवटा चढवणे असे म्हणतात. पण नाटकातला नट तीन तासांनी रंग पुसून माणसात येतो. यांचा प्रयोग सकाळी नऊला सुरू होतो आणि संध्याकाळी सातपर्यंत मध्यंतर नसते. घरी आल्यावर कोणी दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, कोणी क्षुल्लक कारणावरून ओक्साबोक्शी रडतो. घरच्यांना वाटते, 'बाहेर तर चांगला वागतो, घरीच काय होतं याला?' बाहेर चांगले वागण्याची किंमत तो घरी मोजत असतो. वर्षानुवर्षे असे सोंग वठवणाऱ्यांत मनाचा थकवा आणि नैराश्य अधिक आढळते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

या ठिकाणी एक विचार आपल्यापुढे ठेवतो. डेमियन मिल्टन हे इंग्लंडातले समाजशास्त्रज्ञ. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ साली त्यांनी असे मांडले, की दोन माणसांत समजुतीचा घोटाळा झाला, तर तो एकट्याचा दोष कसा? ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचे मन कोठे कळते? पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऑटिस्टिक माणसांची एक साखळी केली. पहिल्याने एक गोष्ट ऐकायची, दुसऱ्याला सांगायची, त्याने तिसऱ्याला. इतरांच्या साखळीत ती गोष्ट जितकी टिकली, तितकीच ऑटिस्टिक माणसांच्या साखळीतही टिकली. म्हणजे आपसांत त्यांचे बोलणे चांगले चालते. ज्याला मराठी येत नाही त्याला आपण मुका म्हणत नाही. तो आपली भाषा बोलत असेल, असे समजतो. तेवढी समजूत येथेही दाखवायला काय हरकत आहे?

पाणी निम्म्या वाटेवर आणून भेटवावे, तसे हे काम आहे. निम्मी वाट ती माणसे रोज चालून येतात. उरलेली निम्मी आपण कशी चालावी, याविषयी काही साध्या गोष्टी सांगतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. 'उद्या बघू', 'थोड्या वेळाने', 'कधीतरी ये', असे न म्हणता 'उद्या सकाळी १० वाजता ये' असे म्हणावे. ठरलेले बदलावे लागले, तर आधी कळवावे आणि का बदलले तेही सांगावे. आपल्याला बदल म्हणजे किरकोळ गोष्ट वाटते. त्यांच्या दृष्टीने ठरलेला क्रम म्हणजे जिन्याचा कठडा असतो. अंधारात कठडा सरकला, तर आपणही ओरडूच.

दुसरी गोष्ट प्रश्नाची. एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा. गप्प राहिला म्हणून तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारू नये. कारण मग त्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात. हवे ते सरळ मागावे. 'खिडकी लाव रे जरा' असे म्हणण्यात काही उणेपणा नाही. न बोलणाऱ्या माणसासमोर त्याच्याविषयी त्याच्या आईला 'याला कळतं का हो?' असे विचारू नये. बोलता न येणे म्हणजे न कळणे नव्हे.

तिसरी गोष्ट आपल्या समारंभांची. मंगल कार्यालय डोळ्यांपुढे आणा. दारात ताशा, आत ध्वनिक्षेपक, अक्षता, अत्तर, शंभर माणसांचा एकदम कोलाहल. आणि त्यात एखादी आत्या मुलाचा गाल ओढून विचारते, 'ओळखलंस का रे मला?' त्याने खरे उत्तर दिले, 'नाही', तर आत्या रुसते. एवढ्याशा पोराकडून आपण केवढी परीक्षा घेतो! अशा घराला बोलावताना यजमानाने आधीच सांगून ठेवावे, 'मागच्या बाजूला एक खोली मोकळी ठेवली आहे; वाटेल तेव्हा तिथे बसू दे त्याला. जेवून लवकर निघालात तरी चालेल.' एवढ्या दोन वाक्यांनी एखादे कुटुंब वर्षानुवर्षांनी कार्याला येऊ शकते. कारण या घरांचे खरे दुःख हे असते, की हळूहळू त्यांना कोणी बोलावत नाही, आणि बोलावले तरी ती जात नाहीत. दरवेळी गर्दीत पोराने हात झटकले, कानांवर हात दाबून किंकाळी फोडली, की पन्नास माने वळतात. ती किंकाळी म्हणजे हट्ट नव्हे; सोसण्याची मर्यादा संपल्याची ती खूण आहे. अशा वेळी उपदेश करू नये, घोळका करू नये. दिवा-आवाज कमी करता आला तर करावा, वाट मोकळी करावी, आणि आईकडे पाहून फक्त विचारावे, 'काही हवंय का?'

चौथी गोष्ट त्या माणसांसाठीच आहे; त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याला मी एवढेच म्हणेन. तुमचे सरळ बोलणे हा दोष नव्हे. 'मला सूचक बोलणं लवकर कळत नाही, स्पष्ट सांगाल का?' हे एक वाक्य तयार ठेवा. 'मला पाच मिनिटं बाहेर जाऊन यायचं आहे', हे दुसरे. महत्त्वाचे बोलणे लिहून मागा. लिहून मागण्यात कमीपणा नाही, मोठमोठ्या कचेऱ्या त्यावरच चालतात. आणि ज्याच्यापाशी सोंग उतरवून बसता येते, असा एक जरी माणूस मिळाला, तरी त्याला जपा.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. १९९९ सालच्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझमचे नाव आले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का जागा ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगता या सर्वांत मिळून आहेत. माणसाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे हेही या कायद्याने सांगितले आहे. पण राखीव जागेच्या दाराशी मुलाखतीचा उंबरठा तसाच राहिला, तर कायद्याचा हात तेथे पोचत नाही. बोलून परीक्षा घेण्याऐवजी एक दिवस काम करायला देऊन पाहिले, प्रश्न आदल्या दिवशी लिहून दिले, शांत कोपऱ्यातले टेबल दिले, तर ती मेहेरबानी ठरत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण चष्मा काढून वाचायला सांगत नाही. तसेच हे आहे.

जवळच्या माणसांनी जागा करून दिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. कॅनर यांच्या त्या ११ मुलांतला पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिप्लेट. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या लहान गावात १९३३ साली त्याचा जन्म झाला. तो तीन-चार वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने आईबापांनी त्याला दूरच्या संस्थेत ठेवले होते. नंतर त्यांनीच त्याला परत आणले. नऊ वर्षांचा असताना तो जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. मुलाला मोजण्याचा विलक्षण नाद. त्या जोडप्याने तो नाद मोडला नाही. त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायला सांगितले. मक्याच्या ओळी मोजतो म्हणाला, तर नांगर हाती दिला, नांगरता नांगरता मोज! पुढे हा मुलगा पदवीधर झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला. त्याचे घर सुखवस्तू होते आणि बँकेशी घरचा संबंध होता, हेही सांगितले पाहिजे. सगळ्यांच्या नशिबी ते नसते. पण गावाने त्याला आपला मानले, त्याच्या तऱ्हा आहेत तशा चालवून घेतल्या, ही गोष्ट पैशाने मिळणारी नव्हे. २०२३ साली, ८९ व्या वर्षी, तो आपल्याच गावात वारला.

हा निरक्षर नसलेला, पण पुस्तकी विद्वत्ताही नसलेला शहाणपणा त्या शेतकरी जोडप्यापाशी होता. तो आपल्यापाशीही आहे. आपल्या खेड्यांत, वाड्यांत, एकत्र कुटुंबांत असा एखादा काका किंवा मामा असायचाच, जो पंगतीत बसायचा नाही, पण साऱ्या गावाच्या विहिरींची खोली, गाड्यांच्या वेळा, घराण्यांच्या पिढ्या ज्याला मुखोद्गत. त्याच्या पदरात कोणी प्रमाणपत्र घातले नव्हते. कोठे त्याची थट्टा झाली, कोठे हाल झाले, हे खरे. त्या जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण जेथे त्याला त्याच्या जोगे काम आणि त्याच्या जोगा कोपरा मिळाला, तेथे तो नीट जगला.

मराठीत 'शब्दाला जागणे' हा फार मानाचा वाक्प्रचार आहे. बोलला तसा वागला, दिलेला शब्द खाली पडू दिला नाही, अशा माणसाला आपण थोर म्हणतो. आज ज्यांच्याविषयी बोललो, त्यांतली कितीतरी माणसे शब्दाला अक्षरशः जागणारी आहेत. ती बोलतात तेच त्यांना म्हणायचे असते, आणि आपण बोललो तेच आपल्याला म्हणायचे होते, असा त्यांचा आपल्यावर विश्वास असतो. अशा माणसाला पुढच्या वेळी 'एकदा ये घरी' असे म्हणाल, तेव्हा वार सांगा, वेळ सांगा, आणि त्या वेळी दार उघडायला घरात राहा.